वाचनालयातला जुना पीसी आणि तुमचं आधार कार्ड

(ताज्या भागात जे बोललो त्याचा हा मजकूर. लोकलमध्ये रेंज जाते, हेडफोन घरी राहतो, अशा सगळ्यांसाठी. बोलतानाची अडखळ तेवढी काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, अरे, हा काय विषय झाला? वाचनालयातला जुना कॉम्प्युटर आणि त्यातला अँटिव्हायरस. आमच्याकडे फोन आहे, आम्ही कशाला त्या कॉम्प्युटरवर बसू?

तर थांबा. भरतीचा फॉर्म फोनवरून भरून बघितलाय? सही स्कॅन करा, फोटो ठरलेल्या केबीत बसवा, तीन पानं भरा आणि चौथ्या पानावर पेज अडकलं की पुन्हा पहिल्यापासून. हॉल तिकिटाची प्रिंट फोनमधून निघत नाही. आणि लिपिक-टंकलेखकाची तयारी करणाऱ्यांना मराठी टायपिंग मिनिटाला ३० शब्दांचं लागतं, ते अंगठ्याने होत नाही. त्यामुळे आपल्याकडे, गोखिवरे, सातिवली, वसई फाटा या पट्ट्यात, ज्याच्या घरी लॅपटॉप नाही तो एक तर सायबर कॅफेत जातो, नाही तर वाचनालयात.

माझी मावसबहीण गेली होती. कुठल्या वाचनालयात ते सांगत नाही, कारण चूक त्यांची एकट्यांची नव्हती. परीक्षा दोन दिवसांवर, हातात पेनड्राइव्ह, त्यात हॉल तिकीट, आधार, दहावी-बारावीच्या मार्कशीट, जातीचा दाखला. तिने पेनड्राइव्ह लावला, प्रिंट काढली, घरी आली. संध्याकाळी मला फोन, रडवेली. "दादा, सगळे फोल्डर गेले. नुसते शॉर्टकट दिसतायत."

हे तुमच्यापैकी अनेकांनी बघितलं असेल. शॉर्टकट व्हायरस म्हणतात त्याला. तो फाइली पुसत नाही, लपवतो. त्यांच्या नावाचे खोटे शॉर्टकट बनवतो आणि तुम्ही त्यावर डबल क्लिक केलं की व्हायरस चालू होतो, वरून तुमचं फोल्डरही उघडून दाखवतो, म्हणजे संशय नको. तुमच्या पेनड्राइव्हवर असं झालं तर पहिली गोष्ट: शॉर्टकटला हात लावायचा नाही. दुसरी: फॉरमॅट मारायचा नाही. फाइली आतच असतात. एखाद्या स्वच्छ मशिनवर पेनड्राइव्ह तपासून, लपवलेल्या फाइली दाखवायचं सेटिंग चालू केलं की बहुतेक वेळा सगळं सापडतं. तिचंही सापडलं.

पण मग मी विचारलं, तिथे मेल उघडला होतास का? म्हणाली, हो. लॉगआउट केलंस? गप्प.

तिच्या मेलमध्ये आधारची पीडीएफ होती. तुम्हाला माहितीच आहे, त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष. म्हणजे नाव मेलवर लिहिलेलं, जन्मवर्ष मार्कशीटवर. कुलूप आहे, पण किल्ली दारालाच टांगलेली.

तर आज एवढंच बोलायचं आहे. चार माणसांनी वापरायच्या जुन्या कॉम्प्युटरचं संरक्षण कसं करायचं. आणि त्यात मी स्वतः आधी काय मूर्खपणा केला तेही सांगतो.

मी काय केलं

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेलो. ग्रंथपाल काकू बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे बाळा, अँटिव्हायरस आहे की त्यात." होता. कोपऱ्यात लाल फुलीचं चिन्ह, लायसन्स संपून जमाना झालेला. मशिन विंडोज ७चं, दोन जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क.

मी म्हटलं, काकू, मी करतो. माझ्या खर्चाने एक तगडा अँटिव्हायरस आणून टाकला. सगळे पर्याय चालू. फार खूश होतो मी.

आठ-दहा दिवसांनी गेलो तर मशिनवर कापड टाकलेलं. काकू म्हणाल्या, "तू काहीतरी टाकलंस तेव्हापासून उघडतच नाही. मुलं कंटाळून जातात." बटण दाबून बघितलं. चहा पिऊन आलो तरी डेस्कटॉप पूर्ण आला नव्हता.

असं का होतं? अँटिव्हायरस म्हणजे दारावरचा पहारेकरी. तुम्ही जी फाइल उघडाल ती तो आधी वाचतो, ओळखीच्या व्हायरसच्या यादीशी ताडून बघतो, मग आत सोडतो. नव्या मशिनवर हे कळतही नाही. जुन्या मशिनवर दोन जीबी रॅममधली बरीचशी त्यालाच लागते, आणि फिरती डिस्क एका वेळी एकच काम धड करते. विंडोज सुरू होताना शेकडो फाइली उघडतात आणि प्रत्येकीला गेटवर थांबवलं जातं. चर्चगेट फास्टला प्रत्येक प्रवाशाची बॅग तपासून चढवलं तर काय होईल, तेच.

आणि मशिन हळू झालं की माणूस काय करतो? अँटिव्हायरस बंद करतो. म्हणजे जास्त सुरक्षा घालायला गेलो आणि होती ती पण गेली.

पहारेकरी जुना नाही, भिंत जुनी आहे

आता मुख्य गोष्ट. विंडोज ७ला सुरक्षेचे अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२०ला थांबवलं. विंडोज १०चं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबलं. त्यानंतर नोंदणी केली तर आणखी काही काळच अपडेट, एवढीच सवलत. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. वाचनालयातलं दहा वर्षांचं मशिन त्यात बसत नाही. क्रोमनेही फेब्रुवारी २०२३पासून विंडोज ७ला नवी आवृत्ती देणं बंद केलं.

याचा अर्थ काय? दारावर पहारेकरी ठेवलाय, पण मागची भिंत पडलीय.

मे २०१७मधला वॉनाक्राय आठवतो? जगभर कॉम्प्युटर लॉक झाले, पैसे द्या नाहीतर फाइली विसरा. ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिला होता. दोन महिने आधी. ज्यांनी तो टाकला नव्हता ते अडकले, आणि त्यात सर्वात जास्त मशिन विंडोज ७चीच होती. तेव्हा निदान अपडेट मिळत तरी होता.

म्हणून "चांगला अँटिव्हायरस कुठला?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की या मशिनमध्ये सांभाळायचं काय आहे?

दोन मशिन, दोन वेगळी कामं

आपल्याकडच्या बहुतेक वाचनालयांत दोन प्रकारचे कॉम्प्युटर असतात. एक काउंटरवरचा. त्यात पुस्तकांची यादी, सभासद, देवघेव. दुसरा वाचकांसाठीचा.

काउंटरवरच्या मशिनने काहीही विसरता कामा नये. आपल्या राज्यात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, त्यानुसार अनुदान मिळतं. तपासणीला नोंदी दाखवाव्या लागतात. त्या नोंदी गेल्या तर वर्षानुवर्षांचं काम गेलं.

वाचकांच्या मशिनचं बरोबर उलटं. त्याने सगळं विसरायला हवं. माझ्या बहिणीचा मेल, कुणाचा तरी व्हायरस, कुणी डाउनलोड केलेला खेळ, कुणाची आधारची कॉपी. माणूस उठला की सगळं साफ.

आणि आपण करतो काय? दोन्हीत एकच अँटिव्हायरस टाकतो, दोन्ही एकाच वायफायवर जोडतो, आणि वाचकांचं मशिन बंद पडलं की म्हणतो, "बस रे काउंटरवरच्यावर पाच मिनिटं." त्या पाच मिनिटांत पेनड्राइव्ह लागतो.

विसरणारं मशिन

ही कल्पना माझी नाही, जुनी आहे. खुद्द मायक्रोसॉफ्टने शाळा, वाचनालयं, कॅफे यांच्यासाठी विंडोज स्टेडीस्टेट नावाचं सॉफ्टवेअर फुकट दिलं होतं. एक्सपी आणि व्हिस्टावर चालायचं. दिवसभर मशिनमध्ये काहीही करा, रीस्टार्ट केलं की जसं होतं तसं. पण विंडोज ७साठी ते आलंच नाही, आणि २०१०च्या अखेरीस डाउनलोडही बंद झालं. म्हणजे ज्यांना सर्वात जास्त गरज, त्यांच्याच हातून गेलं.

याच प्रकारचं विकतचं नाव म्हणजे डीप फ्रीझ. कॉलेजच्या लॅबमध्ये तुम्ही बघितलं असेल, घड्याळाशेजारी अस्वलाचं चिन्ह. ते चालतं कसं? मशिन एका चांगल्या अवस्थेत गोठवायचं. त्यानंतर जे काही लिहिलं जातं ते मूळ जागी जात नाही, बाजूच्या तात्पुरत्या जागेत जातं. रीस्टार्ट झालं की ती जागा टाकून दिली जाते. पाटीवर काच ठेवून काचेवर लिहायचं आणि शेवटी काच पुसायची, तसं. प्रत्येक फाइल तपासायची नाही, त्यामुळे जुन्या मशिनवर ओझं फारसं नाही.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा.

एक. गोठवलेल्या मशिनमध्ये अपडेटही टिकत नाही. अँटिव्हायरस रोज सकाळी नवी यादी उतरवतो, रात्री मशिन बंद, सकाळी पुन्हा तीच यादी. नेट फुकट जातं आणि सुरक्षा शून्य. म्हणून ठरावीक दिवशी गोठवणं काढायचं, सगळे अपडेट घ्यायचे, पुन्हा गोठवायचं. यासाठी वेळ नेमून ठेवता येते.

दोन. रीस्टार्ट होईपर्यंत घाण आतच असते. तुमच्या आधीच्या माणसाने काही आणलं आणि मशिन चालूच राहिलं, तर तुम्ही टाइप केलेला पासवर्ड ते बघू शकतं. म्हणून नियम एकच: बसण्याआधी रीस्टार्ट.

पैसे नसतील तर?

काकूंचा प्रश्न हाच होता. "बाळा, लायसन्सचं दर वर्षी कोण देणार?" बरोबर आहे. आधी पुस्तकं, मासिकं, वीज, पगार, मग उरलं तर कॉम्प्युटर.

आम्ही वाचकांच्या मशिनवर लिनक्स मिंट टाकलं, त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. फुकट आहे, अपडेट मिळतात, आणि लॉगिनच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांसाठीचं खातं चालू करता येतं. पाहुणा म्हणून बसा, काम करा, लॉगआउट करा, त्या खात्यातलं सगळं पुसलं जातं. विंडोजसाठी लिहिलेला शॉर्टकट व्हायरस तिथे चालतच नाही. पण हो, तो तुमच्या पेनड्राइव्हवर जसाच्या तसा राहतो आणि पुढच्या विंडोज मशिनवर जागा होतो. म्हणून पेनड्राइव्ह तपासायचा तो तपासायचाच.

टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघितलं. तसं करता येतं, आतलं काही पुसत नाही. प्रिंटर चालतो का, मराठी कीबोर्ड येतो का, भरतीची वेबसाइट उघडते का, एवढं तपासलं. मग फिरती डिस्क काढून छोटी एसएसडी लावली आणि रॅम चार जीबी केली. खर्च एवढाच. मशिन उघडायला लागलं.

आणि फॉन्टचं भूत

काउंटरवरच्या मशिनचं मात्र अडलं. काकू म्हणाल्या, "याला हात लावू नकोस. यात मराठी आहे."

मला कळेना. मराठी तर सगळीकडे आहे. मग यादी उघडून दाखवली. पुस्तकांची नावं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. तुम्ही जन्मल्यापासून युनिकोड बघताय, म्हणून सांगतो. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टच्या काळात 'क' हे अक्षर मशिनला 'क' म्हणून माहीतच नसायचं. आत कुठलं तरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, वर मराठी मुखवटा. तो फॉन्ट नसलेल्या मशिनवर फाइल उघडली की नुसतं गिचमिड. म्हणून वाचनालयं जुनं विंडोज सोडत नाहीत. आळस म्हणून नाही, पुस्तकांची नावं हरवतील ही भीती म्हणून.

उपाय आहे. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात. शंभर टक्के बरोबर येत नाही, जोडाक्षरं आणि रफार बघावे लागतात. एक माणूस वाचून दाखवतो, दुसरा दुरुस्त करतो. मी आणि बहीण शनिवारी बसायचो. एकदा यादी युनिकोडमध्ये आली की ती कुठेही नेता येते: एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे, किंवा कोहा आहे.

कोहाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हतं. विकत घ्यायला पैसे कमी. त्यांनी नवं बनवून घेतलं आणि जगाला फुकट दिलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आज जगभरची ग्रंथालयं ते वापरतात. सुरुवात कुठून? आपल्यासारख्याच एका जुन्या मशिनच्या अडचणीतून.

लॉक झालं तर

आता कुणी म्हणेल, आमच्या वाचनालयावर कोण हल्ला करणार? जानेवारी २०१७मध्ये अमेरिकेत सेंट लुइसच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे सुमारे सातशे कॉम्प्युटर लॉक झाले. मागणी ३५ हजार डॉलर. पुस्तक देणं-घेणं थांबलं. त्यांनी पैसे दिले नाहीत, बॅकअपवरून सगळं परत उभं केलं.

ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर हल्ला झाला. त्यांनीही पैसे दिले नाहीत. पण सावरायला महिने लागले, आणि पुढे त्यांच्याच अहवालात लिहिलं की जुनाट यंत्रणांमुळे उभं राहायला जास्त वेळ लागला. जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या ग्रंथालयाची ही गोष्ट.

म्हणून काउंटरवरच्या मशिनसाठी पहिली गोष्ट बॅकअप. दोन बाहेरच्या डिस्क. एक आठवडा ही, एक आठवडा ती. कॉपी झाली की वायर काढायची, कारण जोडलेली डिस्क मशिनबरोबरच लॉक होते. आणि एक डिस्क वाचनालयात ठेवायची नाही, कुणाच्या तरी घरी ठेवायची, वरच्या मजल्यावर. २०१८च्या जुलैत वसईत पाणी किती भरलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. व्हायरस आणि पाणी, दोघांनाही घरपोच बॅकअप चालत नाही.

अँटिव्हायरस? काउंटरवर ठेवा, जरूर ठेवा. एकच ठेवा, दोन एकमेकांशी भांडतात. विंडोज १०मध्ये डिफेंडर आतच येतो, तो पुरतो. विकत घ्यायचाच तर आपल्या पुण्याचा क्विक हील आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलाश काटकर आणि त्यांचा धाकटा भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात सुरू केलेला, तेव्हा व्हायरस फ्लॉपीतून यायचे. फक्त एक बघा, लायसन्स संस्थेसाठी चालतं का. घरापुरता फुकट असलेला अँटिव्हायरस संस्थेत टाकायची परवानगी बऱ्याचदा नसते.

तुम्ही काय करायचं

आता तुमच्यासाठी. उद्या वाचनालयात किंवा कॅफेत बसलात तर:

बसण्याआधी मशिन रीस्टार्ट करा. कुणी वैतागलं तरी करा.

ब्राउझर खासगी विंडोमध्ये उघडा. "पासवर्ड लक्षात ठेवू का?" विचारलं तर नाही.

फाइल डाउनलोड केली असेल तर उठताना पुसा, आणि रीसायकल बिनही रिकामं करा.

आधार द्यायचंच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार काढा, जिथे ते चालतं तिथे.

लॉगआउट विसरलात? घाबरू नका. फोनवर गुगल खात्यात 'तुमची डिव्हाइसेस' मध्ये जा, ते मशिन शोधा, साइन आउट करा. मग पासवर्ड बदला. बहिणीचं आम्ही हेच केलं. परीक्षेच्या आदल्या रात्री, साडेअकराला.

आणि शेवटचं. तुमच्यापैकी ज्यांना हे जमतं, त्यांनी आपापल्या वाचनालयात एकदा जा. नवं मशिन देऊ नका, माझ्यासारखा तगडा अँटिव्हायरसही टाकू नका. आधी काकूंना विचारा, यात काय आहे, आणि काय गेलं तर तुमचं नुकसान होईल? त्यांना माहीत असतं. माझ्या बाबतीत उत्तर यादीत होतं, आणि मी लक्ष देत होतो लाल फुलीकडे.

यादीचं काम अजून चालू आहे. चरित्रं झाली, कादंबऱ्या अर्ध्या झाल्यात. वसई पूर्वेत राहत असाल आणि शनिवारी दोन तास मोकळे असतील तर मेसेज करा. टायपिंगचा सरावही होईल.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, उठताना लॉगआउट.